तुकडा झोपू द्या

लोकरीच्या कामात एक गोष्ट कधी संपत नाही, ती म्हणजे उरलेले धागे. प्रत्येक स्वेटर झाला की वीतभर, हातभर काहीतरी उरतंच. त्याचं काही विणता येत नाही आणि टाकून द्यायला जीव होत नाही. आमच्या केंद्रात अशा धाग्यांची एक टोपली होती, कायम भरलेली. किस्स्यांचं तसंच आहे. एक ओढायला जावं तर त्यात गुंतलेले आणखी तीन बाहेर येतात. लोक ऐकतात, हसतात आणि म्हणतात, "मजा होती की तुमची!" मीही हसते. मजा होती असं म्हणायची आपल्यात पद्धत आहे, म्हणून म्हणायचं.

हे सगळं सत्तरनंतरच्या वर्षांतलं, रहिमतपूरचं. बाजारपेठेच्या मागं एका गोदामात महिलांचं विणकाम केंद्र होतं. आधी तिथं गुळाच्या ढेपी असायच्या, त्यामुळं सुरुवातीला आमच्या स्वेटरना मुंग्या लागायच्या. मशीन हातानं चालवायचं. आडव्या पट्टीत सुयांची रांग, तिच्यावरून गाडी इकडून तिकडं सरकवली की एक ओळ विणून व्हायची. विणलेलं खाली लोंबायचं आणि ते ताठ राहावं म्हणून त्याला लोखंडी वजनं अडकवायची. कामाला येणाऱ्या बहुतेक जणी फौजेतल्या माणसांच्या बायका. माझे मालक अंबाल्याला होते, हौसाक्काचे आसामात. हौसाक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून दणकट.

आम्हाला शिकवायला कुसुमबाई होत्या, सांगलीच्या. नवऱ्यानं दुसरं घर मांडलं तशा त्या भावाकडं आल्या, मशीनचं काम शिकल्या आणि आमच्याकडं नोकरीला लागल्या. त्यांची मुलगी सुलू सांगलीला भावाकडंच होती. बाई केंद्राच्या मागच्या खोलीत राहायच्या. चेअरमन आप्पासाहेबांचा नियम असा, की कच्च्या नोकरीवरच्या बाईनं त्या खोलीत पोर आणायचं नाही. नोकरी कायम झाली की खुशाल आणावं. बाई दुसरं काही बोलोत न बोलोत, हे एक वाक्य रोज बोलायच्या, "कायम झाले की सुलूला आणते."

*

बाईंचा हट्ट एकच होता, तुकड्याचा. नवी लोकर आली की स्वेटरला हात घालायच्या आधी तिचा ताटलीएवढा चौकोनी तुकडा विणायचा. तो मशीनवरून उतरवायचा, कोमट पाण्यात धुवायचा, सावलीत सपाट वाळवायचा आणि रात्रभर टेबलावर तसाच पडू द्यायचा. सकाळी त्याच्या मधोमध पट्टी ठेवून टाके मोजायचे, ओळी मोजायच्या. कडेचे टाके धरायचे नाहीत, ते ओढलेले असतात. त्या मोजणीवरून छातीला किती टाके आणि उंचीला किती ओळी हे ठरायचं. तुकडा चुकला की स्वेटर चुकला.

हौसाक्कानं पहिला तुकडा विणला आणि उतरवल्या उतरवल्या टेप लावला. बाईंनी तिचा हात धरला.

"हौसाबाई, आत्ता नको. आत्ताच ओढून खाली आलाय तो. आधी आखडेल, मग सैलावेल, मग आपल्या जागेवर येईल. तुकडा झोपू द्या."

हौसाक्का त्या दिवशी अंधारात उठून, म्हशीचं शेण काढून, सासऱ्याच्या आणि दिरांच्या भाकरी थापून आली होती. तिनं तुकड्याकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं.

"आवं बाई, लोकरीला तरी झोप हाय म्हणायची. मीबी पडू का हितंच?"

"पडा की," बाई म्हणाल्या, "पण आधी धुवावं लागेल."

त्या दिवशी बाई हसताना मी पहिल्यांदा बघितल्या. त्यांना हसता येतं हेच आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं.

*

आप्पासाहेबांचा बागायती ऊस होता, ट्रॅक्टर होता आणि पाच-सहा संस्थांच्या खुर्च्या होत्या. आमची खुर्ची त्यांतली सगळ्यात लहान. म्हणून की काय, तिच्यावर बसले की ते जरा जास्तच ऐसपैस बसायचे.

पहिल्यांदा पाहणीला आले तेव्हा टेबलावर तुकडे वाळत होते.

"ही हातरुमालं कोण घेतंय?"

"हातरुमाल नाहीत साहेब, मापाचे तुकडे आहेत."

"म्हंजी इकायचे न्हाईत?"

"नाही."

"मग इणता कशाला?"

बाईंनी समजावून सांगितलं. आप्पासाहेब डोळे मिटून ऐकत होते, कीर्तनाला बसल्यासारखे. सगळं ऐकून म्हणाले, "एवढा कुटाणा कशाला? मशीनवर लोंबतंय तितंच टेप लावा की."

बाईंनी तेही करून दाखवलं. वजनं लावलेला तुकडा मशीनवर लोंबत असताना मोजला. मग तोच उतरवून टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं तो चांगला दोन बोटं आखूड झाला आणि रुंदीला सुटला. मशीनवरच्या मापावर विश्वास ठेवला तर स्वेटर तोकडा आणि ढगळ येणार, हे आमच्यातल्या सगळ्यात मठ्ठ बाईलाही कळलं.

आप्पासाहेबांनी बराच वेळ विचार केला.

"मग वजनं काडूच नका. स्वेटरबरुबर गिऱ्हाइकाला देऊन टाका."

स्वतःच मोठ्यांदा हसले. चेअरमन हसले म्हणून आम्हीही हसलो. बाई हसल्या नाहीत. तुकड्याची घडी घालत उभ्या राहिल्या. आप्पासाहेबांनी ते बघितलं आणि मनात ठेवलं. असल्या गोष्टी मनात ठेवायला त्यांच्याकडं भरपूर जागा होती.

*

केंद्रात टेप एकच होता आणि त्याचा पहिला इंच फाटून गेला होता. त्यामुळं जे माप येईल त्यातून एक वजा करायचा. बाईंनी नवा टेप मागितला तर आप्पासाहेब म्हणाले, "एक इंचच गेलाय की. बाकी सगळा हाय न्हवं?"

आम्ही बाकीच्या वजा करायला शिकलो. आमच्यातली इंदू शिकली नाही. ती कधी वजा करायची, कधी विसरायची. शाळेतले क्लार्क तात्या यांच्या स्वेटरला एक बाही वजा करून लावली आणि दुसरीला विसरली. तात्या स्वेटर घालून तडक केंद्रात आले आणि दोन्ही हात पुढं करून उभे राहिले. उजवा मनगटापर्यंत झाकलेला, डावा इंचभर उघडा.

बाई काही बोलणार तेवढ्यात हौसाक्का पुढं झाली. तात्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि सासऱ्यानं घड्याळ दिलं होतं, हे गावाला माहीत होतं.

"तात्या, घड्याळ दिसाय पायजे का नको? का झाकून ठिवणार हाय?"

तात्यांनी मनगट वळवून बघितलं. घड्याळ छान दिसत होतं. तात्या तसेच निघून गेले. पुढच्या आठवड्यात दोघं जण आले आणि म्हणाले, "तात्यांच्यासारखा पायजे. डाव्या अंगाला जरा तोकडा."

बाईंनी तो फाटका टेप गुंडाळून खणात ठेवला. "चला," म्हणाल्या, "आता हाच बरोबर."

*

थंडी सुरू व्हायच्या आधी सांगलीहून बाईंना एक पुडी यायची. लोकरीच्या व्यापाऱ्याचा माणूस माल घेऊन यायचा, त्याच्याबरोबर भावजय ती पाठवायची. पुडीत तीन सुतळ्या. एक छातीची, एक उंचीची, एक बाहीची. सुलूचं माप.

बाईंना सुट्टी एकदाच, मे महिन्यात. तेव्हा त्या सांगलीला जाऊन यायच्या. थंडीचे दिवस म्हणजे आमचा कामाचा हंगाम, तेव्हा दिवाळीलासुद्धा सुटका नसायची. त्यामुळं लेकीचा स्वेटर सुतळीवरच बेतायचा आणि त्याच माणसाच्या हाती परत पाठवायचा.

त्या एका स्वेटरसाठी बाई दोन-दोन तुकडे विणायच्या. लोकर स्वतःच्या पगारातून आणायच्या. तुकडा धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा धुवायच्या. मोजून झालं की पुन्हा मोजायच्या. एका वर्षी तांबडी लोकर होती आणि छातीवर पांढऱ्या फुलांची ओळ. ती लोकर हौसाक्कानं गुंडाळून दिली होती, फुलांचे टाके मी मोजले होते.

त्या वर्षीची छातीची सुतळी बाईंनी टेबलावर ताणली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मे महिन्यात नुसती काडी होती हो. पावसाळ्यात अंग धरलेलं दिसतंय. वहिनी बघते चांगलं."

"मामाच्या घरी दूधदुभतं असंल," हौसाक्का म्हणाली. "दोन टाकं जास्तीचं घाला. वाढतं अंग हाय."

"नको," बाई म्हणाल्या. "माप आलंय ते बरोबरच असणार. जास्त घातलं तर लोंबेल आणि पोरी हसतील तिला."

*

मग आमच्याकडं शैलाताई आल्या. आप्पासाहेबांची धाकटी सून. साताऱ्याला काहीतरी कोर्स करून आली होती आणि घरी सासूशी पटत नव्हतं, म्हणून केंद्रात मदतीला. मदतीला म्हणजे आम्ही तिच्या मदतीला.

शैलाताईंना तुकडा झोपू द्यायला धीर नव्हता. त्यांनी सासऱ्यांसाठी स्वेटर विणायचं ठरवलं, गिरणीतल्या कृत्रिम लोकरीचा. तुकडा विणला आणि तो वेडावाकडा गुंडाळतोय म्हणून त्याच्यावर तापलेली इस्त्री फिरवली. कृत्रिम लोकरीवर इस्त्री फिरवली की तिच्यातला जीव जातो. तुकडा पापडासारखा सपाट झाला आणि पसरला. बाई म्हणाल्या, "हा आता मापाचा राहिला नाही, दुसरा विणा." शैलाताई म्हणाल्या, "आम्हाला साताऱ्याला असंच शिकवलंय."

पसरलेल्या तुकड्यावर टाके मोजले तर ते कमी भरतात. कमी टाक्यांचा स्वेटर अरुंदच येणार.

आप्पासाहेब केंद्रात येऊन स्वेटर घालायला लागले. डोकं आत गेलं, हात वर गेले आणि सगळं तिथंच थांबलं. सून पुढून ओढायला लागली, ड्रायव्हर मागून. आम्ही भिंतीला टेकून उभ्या. चेअरमनना हात लावायचा तरी कसा? आतून दबका आवाज आला, "बाईस्नी बोलवा."

बाई कात्री घेऊन आल्या. "आप्पासाहेब, हलू नका. बाजूनं कापते."

"कापू नका, कापू नका," आतून आवाज. "लोकर वाया जाईल."

बाई कात्री धरून थांबल्या. सून आणि ड्रायव्हर बाजूला झाले. मग माझ्या शेजारून हौसाक्का, अगदी काळजीनं, म्हणाली,

"मग ऱ्हाऊ द्या तसंच. झोपू द्या जरा."

पुढं कितीतरी दिवस आम्हाला ते आठवून हसू यायचं. आप्पासाहेबांच्या घरी मात्र त्याचा वेगळा निकाल लागला. त्या बाईनंच मशीनचा टाका घट्ट-सैल करायचा नंबर मुद्दाम फिरवून ठेवला होता, असं शैलाताईंनी सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. सोयीची गोष्ट लोकांना पटकन पटते.

*

त्याच हिवाळ्यात साताऱ्याच्या एका वसतिगृहाची ऑर्डर आली. पोरांचे स्वेटर, आमच्या केंद्राच्या जन्मातली सगळ्यात मोठी ऑर्डर. लोकर उशिरा आली, कारण आप्पासाहेबांनी ती कुठून घ्यायची यावर बरेच दिवस घासाघीस केली. आणि तो गेलेला वेळ त्यांनी तुकड्यातून भरून काढायचा ठरवला.

"तुकडा-बिकडा काई न्हाई. मशीनवर टेप लावायचा आन् सुटायचं."

"साहेब, ही लोकर नवीन आहे. एक दिवस द्या."

"बाई, ऑर्डर येळंत गेली की तुमच्या कायमच्या कागदावर सही. मग लेकीला आणा, जावयाला आणा. न्हाई गेली तर मला इचारू नका."

बाईंनी हातातली नवी लोकर टेबलावर ठेवली. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो. ज्या बाईनं ताटलीएवढ्या तुकड्यासाठी चेअरमनशी वाद घातला, तिला त्यानं बरोबर कुठं धरलं बघा.

तरीही जाता जाता त्या म्हणाल्या, "निदान उंचीला चार बोटं वाढवू द्या."

"लोकर मोजून दिल्याली हाय," आप्पासाहेब म्हणाले. "चार बोटं काय तुमच्या घरनं आणणार?"

आम्ही मान मोडून विणलं. वजनं लोंबत असतानाच टेप लावायचा, पुढचा घ्यायचा. ऑर्डर वेळेत गेली. आप्पासाहेबांनी पेढे वाटले. बाईंनी त्यांच्या खोलीला स्वतः चुना लावला आणि खिडकीला पडदा शिवला. हौसाक्कानं घरातली एक जुनी लोखंडी खाट आणून दिली, पोरीला म्हणून.

*

आठवड्याभरात सगळे स्वेटर परत आले.

एक धुणं झालं आणि स्वेटर आपल्या जागेवर आले होते, बाई म्हणायच्या तसे. रुंदीला दोन पोरं मावतील आणि उंची बेंबीच्या वर.

आता त्यांचं करायचं काय? आप्पासाहेब कुठल्याही अडचणीतून वर येणारे. त्यांनी ते स्वेटर गरीब मुलांना मोफत वाटायचं जाहीर केलं. पूर्वेकडच्या कोरड्या भागातल्या मेंढपाळांची पोरं बोलावली, मंडप घातला, साताऱ्याहून फोटोग्राफर आणला. पोरं स्वेटर घालून रांगेत उभी राहिली. हात खाली होते तोवर झाकलं गेलं. मग एकेकानं पुढं येऊन दात्याला, म्हणजे आप्पासाहेबांनाच, हार घालायचा होता. पहिल्या पोरानं हात वर केले आणि स्वेटर सरसर छातीपर्यंत चढला. फोटोग्राफर थांबला.

आप्पासाहेब माइकवरून म्हणाले, "वाढत्या अंगाची पोरं हायती."

मागं बसलेली हौसाक्का म्हणाली, "सकाळधरनं एवढी वाढली व्हय?"

शेवटी फोटो काढले ते खुर्चीवर बसलेल्या दात्याचे, आणि पोरांची नुसती डोकी.

यावर कुणीही हसेल. मी हसू शकत नाही, कारण त्याच संध्याकाळी मीटिंग झाली. माल परत का आला याचं कारण विचारलं गेलं. आप्पासाहेब म्हणाले, "माप घेणं हे शिक्षिकेचं काम. आमी काय त्यातलं जाणकार न्हवं."

हौसाक्का उठून उभी राहिली. "आप्पासायब, मशीनवर टेप लावा म्हणून तुमीच सांगितलं हुतं. आमी समद्या हुतो."

"मी?" आप्पासाहेबांनी बाईंकडं बघितलं. "बाई, मी सांगितलं का?"

सगळ्यांच्या माना बाईंकडं वळल्या. आप्पासाहेबांनी आवाज खाली आणून, अगदी मायेनं, जोडलं, "म्हंजी पुढल्या वर्साला तुमचं काय करायचं ते बगता येईल."

बाई जमिनीकडं बघत म्हणाल्या, "नाही. माझीच चूक झाली."

जागा शैलाताईंना कायम झाली. बाई मदतनीस, आणि मदतनिसाला मे महिन्याची सुट्टीही नाही. खोलीतली ती लोखंडी खाट रिकामीच राहिली, आणि तिच्यावर बाई आता तुकडे वाळत घालायच्या. मला अजून राग येतो. आप्पासाहेबांचा येतो, पण त्यांच्या त्या मायेच्या आवाजाचा जास्त येतो.

*

पुढच्या थंडीत लोकर आणायला सांगलीला जायचं होतं. ते काम आता शैलाताईंचं, पण त्यांना एसटी लागायची. म्हणून बाईंना पाठवलं आणि गठ्ठे उचलायला हौसाक्का आणि मी. आदल्या दिवशी दुपारी ठरलं, दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. त्यामुळं भावाच्या घरी कळवायला वेळच नव्हता.

कराडला गाडी बदलली. मलकापूरच्या पुढं उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. बाई सारख्या पिशवीत हात घालून डबा चाचपत होत्या. सुलूसाठी शेंगदाण्याचे लाडू केले होते. आष्ट्याला गाडी थांबली तसा आम्ही चहा घेतला. बाईंनी घेतला नाही. म्हणाल्या, "आता घरी गेल्यावर सुलूबरोबर घेईन."

"तांबडा स्वेटर घालून शाळंला गेली असंल," हौसाक्का म्हणाली. "अंगातला बगायला गावला तर बरं हुईल."

"यंदा नवा पाठवला नाही मी," बाई म्हणाल्या. "पगार कमी झालाय ना. तोच चालव म्हटलंय."

रविवार होता हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

घराच्या पायरीवर उन्हाला एक मुलगी बसली होती. तांबडा स्वेटर, छातीवर पांढऱ्या फुलांची ओळ. गुबगुबीत, गोरी, वेण्यांना रिबिनी. हौसाक्का बाईंच्याही पुढं धावली आणि तिचा गाल कुरवाळला.

"आगं माजी बाय ती! कवाधरनं तुजं नाव ऐकतीया. सुलू न्हवं तू?"

"मी बेबी," मुलगी म्हणाली. "सुलू आत भांडी घासतीय."

हौसाक्काचा हात तिच्या गालावरच राहिला.

भावजय लगबगीनं बाहेर आली. "अगंबाई, वन्सं! कळवायचं तरी. या, आत या ना." मग आपल्या लेकीकडं, बेबीकडं बघून, कुणी काही विचारलं नसताना, म्हणाली, "आजच घातलाय हो तिनं. सुलूचाच आहे तो."

बाई पायरीवर बसल्या आणि बेबीला जवळ उभं केलं. स्वेटर खालून सरळ करून घेतला. बाही मनगटापर्यंत ओढून बघितली. खांद्याची शिवण कुठं येते ते बघितलं. एका बोटानं छातीवरचे टाके मोजले, मधोमध, कडेचे सोडून. वर्ष उलटलं होतं, तरी मला वाटतं आमच्या केंद्रातून इतका अंगाबरोबर बसलेला स्वेटर दुसरा गेलाच नाही.

"माप तंतोतंत आलंय, वहिनी," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात सुलू आतल्या दारात आली. बिनबाह्यांचा झगा, कोपरापर्यंत ओले हात, त्यांना लागलेली राख. आईला बघून तिथंच उभी राहिली. पुढं यावं की नाही ते तिला कळत नव्हतं. तिनं आधी मामीकडं बघितलं.

बाईंनी तिचं माप घेतलं नाही. डबाही बाहेर काढला नाही. नुसत्या उठल्या.

"सुलू, चपला घाल."

सुलूनं दारातल्या चपलांकडं बघितलं, मग आईकडं.

"कुणाच्या?"